बाळाचा इको, आईचा घोर

साशंक : तुझा बेत ऐकला. महिन्यातून एकदा निपाणीत हृदयाचं दुखणं असलेल्या बाळांच्या आयांना एकत्र बसवायचं, बोलतं करायचं. ऐकायला बरं वाटतं. पण तीस वर्षं मुलांच्या वॉर्डात काढलेली बाई म्हणून सांगते, धीर देऊन भोक बुजत नाही. हृदयाच्या पडद्याला मोठं भोक असलेल्या बाळाला सर्जन लागतो, भूल देणारा डॉक्टर लागतो, हार्ट-लंग मशीन लागतं, ऑपरेशननंतर रात्रभर डोळ्यांत तेल घालून बसणारी सिस्टर लागते. हजार बाळंतपणांमागं आठ-दहा बाळांच्या हृदयात काहीतरी निघतं. देशात वर्षाला दोन लाखांच्या वर अशी बाळं जन्मतात असा अंदाज आहे, आणि त्यातल्या पाचव्या हिश्शाला पहिल्या वर्षातच ऑपरेशन नाहीतर तसाच काही उपाय लागतो. बेळगावात केएलईच्या प्रभाकर कोरे रुग्णालयात मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं होतात, ही आपल्या भागाची मोठी सोय. पण प्रकरण गुंतागुंतीचं निघालं की राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर बसून बेंगळुरू गाठायचं, नाहीतर मुंबई. अशा घरातला प्रत्येक रुपया आणि प्रत्येक माणूस त्या प्रवासाला जुंपलेला असतो. त्यांच्याकडं तू एक दुपार मागतेस, नुसतं बसून बोलायला. आणि धीर देणाऱ्यांचा कधी तुटवडा होता गे? भेटायच्या वेळेला कॉटभोवती दहा माणसं उभी असतात. ‘काही होत नाही’, ‘देव बघंल’, ‘आमच्या गल्लीतल्या पोराला पण होल होता, आता रानात राबतोय’. आणि आई भिंतीकडं तोंड करून पडलेली असते. ती भिंतीकडं वळलेली पाठ मी इतक्यांदा बघितलीय की धीर या शब्दावरचा माझा विश्वासच उडालाय.

आग्रही : अक्का, ती पाठ मीही बघितलीय, आणि माझं म्हणणं तिथूनच सुरू होतं. भेटायला आलेली माणसं धीर देतात तेव्हा आईचं बोलणं बंद करत असतात. ‘मला भीती वाटते’ हे तिच्या ओठांवर यायच्या आधीच ‘काही होत नाही’ येऊन बसतं. मला हवंय ते याच्या उलट. तुम्ही ऑपरेशनचं बोललात. ऑपरेशन चार-सहा तासांचं. त्याच्या आधीचे कित्येक महिने घरात जातात. मोठ्या व्हीएसडीचं, म्हणजे पडद्याला मोठं भोक असलेलं बाळ घ्या. जन्मतं तेव्हा फुप्फुसातला दाब जास्त असतो, म्हणून भोकातून रक्त फारसं तिकडं जात नाही, आणि आई चांगलं टवटवीत बाळ घेऊन घरी येते. चार-सहा आठवड्यांत तो दाब उतरतो आणि ठोक्यागणिक रक्त फुप्फुसाकडं लोटायला लागतं. मग बाळ दूध ओढताना धापा टाकतं, कपाळावर घाम येतो, चार घोट घेऊन दमून झोपतं आणि लगेच भुकेनं उठतं. बाळसं धरत नाही. घरच्यांना काय दिसतं? आई पाजते आणि पोर वाळतंय. मग आईचं दूध पातळ ठरतं, ‘अंगी लागत नाही’ असं ठरतं, दृष्ट काढून होते, तिच्या ताटातले आणखी दोन पदार्थ कमी होतात. नेमक्या याच सुमाराला आशाताईच्या फेऱ्या संपतात. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडं तिच्या ठरलेल्या भेटी सहा, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. त्यानंतरची भेट थेट तिसऱ्या महिन्यात. म्हणजे दुखणं डोकं वर काढतं तेव्हाच दाराशी कुणी येत नाही. त्या दिवसांत कुणीतरी तिला सांगायला हवं की बाई, तुझं दूध चांगलं आहे, बाळाचं हृदय दमतंय. थोडं थोडं, सारखं पाज. अगदीच दमलं तर दूध काढून बोंडल्यानं घाल. आणि आज-उद्या करू नकोस, दाखवायला ने. वजन धरलेलं बाळ ऑपरेशन जास्त चांगलं सोसतं. माझी दुपार ऑपरेशनच्या वाटेवरचीच आहे, अक्का.

साशंक : मग तिला शिकवणी म्हण. शिकवणीला माझी ना नाही, मी जन्मभर तेच केलं. निळ्या पडणाऱ्या बाळाच्या आईला मी दाखवायचे की झटका आला तर बाळाचे गुडघे दुमडून छातीशी दाबून धरायचे, म्हणजे फुप्फुसाकडं जाणारं रक्त वाढतं, आणि तसंच उचलून दवाखान्यात आणायचं. दोनदा माझ्यासमोर करून दाखवलं की तिच्या हातांची थरथर थांबायची. तिच्या भावनांबद्दल मी अवाक्षर काढलेलं नसायचं. हाताला काम मिळालं की जीव थाऱ्यावर येतो. ‘भावनिक आधार’ हा शब्द मला खटकतो तो याच्यासाठी. तो कार्यशाळांमधून आलाय. आपल्याकडं एकीनंही मला ‘सिस्टर, मला भावनिक आधार हवाय’ असं म्हटलेलं नाही. आणि मला त्याच्या पुढची भीती आहे. आज आधार म्हणाल, उद्या तिला प्रश्नावली द्याल, परवा तिच्या केसपेपरवर डिप्रेशन लिहाल. बाळाचं हृदय धड नाही आणि आई रडते, जेवत नाही, झोपत नाही. यात आजार कुठला? हे तर आईपण झालं. सासरी मात्र त्या कागदाचा अर्थ एकच निघेल. पोर दुखणाईत, आणि वर आईच्या डोक्यावर परिणाम झालाय. आधीच वाकलेल्या बाईच्या पाठीवर तू आणखी एक ओझं चढवशील.

आग्रही : शब्दाबद्दल मी भांडणार नाही. त्या बायका स्वतः ‘घोर’ म्हणतात. ‘जिवाला घोर लागलाय.’ मला तोच शब्द चालतो. पण हाताला काम मिळालं की जीव थाऱ्यावर येतो हे अर्धंच खरं आहे. त्याच निळ्या बाळाच्या आईला घरी सोडताना आणखी एक गोष्ट सांगतात, बाळाला रडू देऊ नका. कारण रडण्यानं झटका येऊ शकतो. सांगणाऱ्याला ते एक वाक्य असतं. ऐकणारीला तो चोवीस तासांचा पहारा होतो. ती आंघोळीला गेली तरी कान पाळण्याकडं. बाळ गाढ झोपलं तरी नाकाशी बोट धरून श्वास बघते. मोठं पोर शाळेतून येऊन ‘आई, बघ की’ म्हणतं तेव्हा त्याच्यावर खेकसते आणि मग त्याचंही तिला खातं. तिला काम मिळालंय खरं, पण ते कधी संपतच नाही, आणि चुकलं तर काय होईल हे तिला ठाऊक आहे. असं सहा महिने एकटीनं काढल्यावर जे होतं त्याला नुसतं आईपण म्हणून सोडून द्यायचं? शेजारच्या गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्यासुध्या बाळंतिणींचा अभ्यास केला होता, २००२ साली तो छापून आला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २५२ पैकी ५९ जणी नैराश्यात होत्या, जवळजवळ चौथा हिस्सा. आणि ज्यांना मुलगी झाली, ज्यांच्या घरात मारहाण होती, ज्यांच्याकडं पैशाची चणचण होती, त्यांच्यात ते जास्त. आणि ही आजारी बाळांच्या आयांची गोष्ट नव्हे. गंभीर हृदयविकाराच्या बाळांच्या आईवडिलांवर जगभर झालेल्या अभ्यासांचा एक आढावा २०१७ साली अमेरिकेत निघाला. त्यात नैराश्य किंवा चिंतेची ठळक लक्षणं असलेल्यांचं प्रमाण पाव ते निम्मं आहे. केसपेपरवर काय लिहायचं ते डॉक्टरनं ठरवावं. पण चार जणींतली एक बुडत असताना आपण काठावरून ‘हे आईपणच आहे’ असं म्हणायचं, हे मला जमणार नाही.

साशंक : आकडे मी नाकारत नाही. पण तुझ्या आकड्यांतच माझा पुढचा प्रश्न बसलाय. मुलगी झाली तर. दिल्लीच्या एम्समधला एक अभ्यास २०११ साली छापून आला होता, तो मी विसरू शकत नाही. ४०५ मुलांना ऑपरेशन करून घ्या म्हणून सांगितलं होतं. वर्षभरात मुलग्यांपैकी ७० टक्क्यांचं झालं, मुलींपैकी ४४ टक्क्यांचं. दुखणी तीच, दवाखाना तोच, सर्जनही तेच. आता सांग, त्या राहून गेलेल्या मुलींच्या आयांना तू काय आधार देणार होतीस? कारण ऑपरेशन करायचं की नाही हे त्यांनी ठरवलंच नव्हतं. ते सासऱ्यानं ठरवलं, दिरानं ठरवलं, ‘पुढं लग्नाच्या वेळेला छातीवरचा व्रण दिसंल’ म्हणणाऱ्या आत्यानं ठरवलं. तू आईला बळ देशील आणि त्याच घरात परत पाठवशील, जिथं त्या बळाला विचारतं कोण? आणि बापाचं काय? तो जिन्यात उभा राहून उसन्या पैशासाठी फोन करत असतो. त्याला रडायला भिंतसुद्धा मिळत नाही. तुझ्या बैठकीत त्याला जागा नाही.

आग्रही : बापाची जागा मला अजून सापडलेली नाही, हे कबूल करते. पहिल्या दिवशी त्यांना बोलावलं तर बायका गप्प बसतील एवढंच मला कळतं. पण ठरवण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. घरात ठरवते ती माहिती, आणि माहिती ज्याच्याकडं असते त्याचा आवाज चढतो. डॉक्टर बोलतात ते पुरुषांशी. आई बाळाला घेऊन मागं उभी असते, तिला घरी आल्यावर ‘होल हाय, बघू’ एवढंच कळतं. तिला जर कळलं की हे भोक वेळेत बुजवलं तर बहुतेक मुली शाळेत जातात, धावतात, पुढं संसार करतात, आणि फार उशीर केला तर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या कायमच्या बिघडतात आणि मग सर्जनही हात लावत नाही, तर ती सासऱ्यासमोर काय बोलेल ते बदलतं. आणि तिच्यासोबत दुसऱ्या गावची एक बाई आली, जिनं आपल्या मुलीचं करून घेतलंय, तर आणखी बदलतं. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येणारं पथक, २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, असं बाळ शोधून काढतं, चिठ्ठी लिहून देतं. चिठ्ठीपासून दवाखान्यापर्यंतचा रस्ता मात्र त्या बाईला घरातल्या घरात लढून काढावा लागतो. मी त्या रस्त्यावर तिच्या शेजारी चालण्याबद्दल बोलतेय.

साशंक : चाल. पण चालताना तू तिला काय सांगणार? मला माहीत आहे, पहिलं वाक्य असेल, ‘यात तुझी काही चूक नाही.’ सगळे समुपदेशक तिथूनच सुरू करतात. आणि खरंच, तिच्यावर जे आरोप होतात ते ऐकवत नाहीत. ग्रहणात विळी हातात धरलीस. तिन्हीसांजेला ओढ्याकडं गेलीस. पांढऱ्या पायाची. हे सगळं खोटं आहे, ते खोटं म्हणून सांगायला मलाही काही वाटत नाही. पण आपल्या भागात तिचा नवरा तिचा मामेभाऊ असतो, नाहीतर आतेभाऊ, आणि काही घरांत सख्खा मामासुद्धा. रक्ताच्या नात्यातल्या लग्नात हे दुखणं काहीसं जास्त आढळतं, असं अनेक अभ्यास सांगतात. गरोदरपणातल्या साखरेनं धोका वाढतो, काही औषधांनी वाढतो, पहिल्या महिन्यांत रुबेला झाला तर वाढतो. आणि निपाणीची आई विचारते, ‘सिस्टर, सातव्या महिन्यापर्यंत मी तंबाखूच्या वखारीत जर्दा चाळत होते, त्यानं झालं का?’ तिला तू काय म्हणशील? ‘काही संबंध नाही’ म्हणालीस तर तुला जे माहीत नाही ते तू ठामपणे सांगितलंस. ‘असेल’ म्हणालीस तर ती जन्मभर स्वतःच्या हातांकडं बघत राहील. तुझ्या आधाराची परीक्षा इथं आहे. खोट्या दिलाशानं खोटा आरोप खोडायचा, हे औषध मला मान्य नाही.

आग्रही : अक्का, हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही, म्हणून जरा सावकाश बोलते. आपल्या भाषेनंच इथं एक घोळ करून ठेवलाय. डॉक्टर डिफेक्ट म्हणतात, त्याचं आपण मराठीत ‘दोष’ केलं. जन्मजात हृदयदोष. कन्नडातही दोषच. आणि दोष म्हटला की तो कुणाचा तरी असावाच लागतो. यंत्रात दोष निघाला तर कारागीर धरतात, पोरात निघाला तर आई. त्या एका शब्दात निदान आणि निकाल एकदमच लागतो. म्हणून मी तो शब्द वापरत नाही. ‘बाळाच्या हृदयाची घडण वेगळी झालीय’ असं म्हणते. पहिल्यांदा लांबलचक वाटतं, पण ऐकणारीच्या चेहऱ्यावर फरक दिसतो. मग तिला कधी घडलं ते सांगते. हृदयाचे चार कप्पे पोटात आठव्या आठवड्याच्या आसपास पडून होतात. पाळी चुकून जेमतेम महिना झालेला असतो, कित्येकींना दिवस गेलेत हेसुद्धा धड कळलेलं नसतं. सातव्या महिन्यातल्या ग्रहणानं, विळीनं, ओढ्यानं त्यात काही होऊ शकत नाही. एवढं मी ठामपणे सांगू शकते, कारण ते खरं आहे.

आता वखारीतली आई. गरोदरपणी विडी-सिगारेट ओढण्यानं धोका काहीसा वाढतो, एवढं अभ्यासांवरून दिसतं. जर्दा चाळण्यानं तुझ्या या बाळाला हे झालं का, हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. मी तिला हेच सांगेन, असंच. आणि मग विचारेन, वखारीत का जात होतीस? पोटासाठी. तुझ्या हातात दुसरं काम होतं? नव्हतं. कारण एक गोष्ट असते आणि चूक दुसरी. आता नात्यात दिलेली आई घ्या. मामाच्या घरात तिला कुणी दिली? वयाच्या कितव्या वर्षी? तिला विचारलं होतं? जे तिनं निवडलंच नाही, त्याचं ती कारण असली तरी गुन्हेगार होत नाही. हे एकटीला सांगून पटत नाही, अक्का. दहा जणी बसल्या आणि दहाही जणींनी ‘माझंच काहीतरी चुकलं’ म्हटलं, की त्यांच्याच ध्यानात येतं की दहाही जणी चुकलेल्या असू शकत नाहीत. निपाणीनं हे एकदा बघितलंय. १९८० च्या सुमाराला याच वखारींतल्या बायका एकत्र आल्या, संघटना बांधली, संप केले. दीपा धनराज आणि त्यांच्या युगांतर फिल्म कलेक्टिव्हनं १९८२ साली त्यांच्यावर माहितीपट केला. तोवर प्रत्येकीला आपली मजुरी आणि आपला खोकला म्हणजे आपलं नशीब वाटत होतं. एकत्र बसल्यावर तेच गाऱ्हाणं मागणी झालं. त्याच बायकांच्या लेकी-नाती आज इकोच्या रांगेत उभ्या आहेत.

साशंक : कारण आणि चूक, हे मी घेते. पण पुढच्या खेपेचं काय? ती विचारणारच, ‘दुसरं बाळ पण असंच होईल का?’ तेव्हा हळुवारपणा पुरत नाही.

आग्रही : नाही पुरत. तेव्हा तिला अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यात पोटातल्या बाळाचा इको करून घे म्हणून सांगायचं, आणि डॉक्टरांशी गाठ घालून द्यायची. त्याच्या पुढचे निर्णय तिचे आहेत, तिथं मी बोलायला जाणार नाही.

साशंक : बरं. मग भाषेकडं ये, कारण तू महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात बसून हे करणार आहेस. तुझ्या बैठकीतली आई मराठी बोलते. आशाताईचं रजिस्टर कन्नडात. योजनेचा फॉर्म कन्नडात. इकोचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत. संमतीच्या कागदावर अंगठा, नाहीतर सही, आणि वर काय लिहिलंय ते तिला शेजारच्या कॉटवरची बाई सांगते. रेशनकार्ड कर्नाटकाचं, भरवसा कोल्हापुरावर, कारण कोल्हापूर चाळीस किलोमीटर आणि बेळगाव पंचाहत्तर, आणि तिथं मराठीत बोलता येतं. २०२३ साली महाराष्ट्र सरकारनं इथल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, कर्नाटक सरकारनं त्याला विरोध केला, त्याच्यावर भाषणं झाली. त्यात बाळाच्या आईनं कुठल्या खिडकीवर उभं राहायचं, हे तिला कुणी सांगितलं? आणि तू मराठी आयांची बैठक काढशील तेव्हा तीही त्याच भांडणात ओढली जाईल. मी वॉर्डात काय बघितलंय सांगू? एक मराठी आई, एक कन्नड आई. एकीला दुसरीचं ओ की ठो कळत नाही. पण एक डबा खायला गेली की दुसरी तिच्या बाळाच्या पायाला हात लावून बसायची. त्याला ना तुझी बैठक लागली, ना भाषा.

(इथं मला, हे लिहिणारीला, मध्येच बोलल्याशिवाय राहवत नाही. १९५६ पासून या भागात आपण पाट्यांच्या, शाळांच्या, ठरावांच्या भाषेवर झगडतोय. त्या झगड्यापासून माझं घरही बाजूला नव्हतं, आणि त्यातलं दुःख खरं आहे. पण ‘तुझ्या बाळाच्या हृदयात असं असं आहे’ हे वाक्य एका आईला कुठल्या भाषेत ऐकवलं गेलं, याची चौकशी आपल्यापैकी कुणी केली, असं मला आठवत नाही. बोर्डावरच्या अक्षरांपेक्षा ते वाक्य तिच्यापाशी जास्त काळ राहतं. आता पुन्हा त्या दोघींकडं.)

आग्रही : पायाला हात लावून बसणाऱ्या त्या बाईपुढं माझी सगळी योजना फिकी आहे, अक्का. पण ती बाई वॉर्डात असते, घरी नसते. आणि हात बोलतो तितकंच बोलतो. ‘औषध दिवसातून दोनदा आणि किती थेंब’ हे हाताला सांगता येत नाही. ‘मला या बाळाकडं बघवत नाही, कधीकधी वाटतं सगळं संपलेलं बरं’, हेही हातानं सांगता येत नाही. हे वाक्य एकीनं मला सांगितलं, रात्री अकरा वाजता, फोनवर, कुजबुजत, निपाणीच्या मराठीत. ती ते कुठल्याही दुसऱ्या भाषेत बोलली नसती. मी तिला टेलि-मानसचा, मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ हा नंबर दिला. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो, तिथं अनेक भाषांत बोलता येतं. पण फोन लावेपर्यंत मी तिच्यासोबत लाइनवर थांबले. बैठक मराठीचीच असावी असा माझा हट्ट नाही. निपाणीच्या बाजारात अर्धं वाक्य मराठीत आणि अर्धं कन्नडात संपतं, आमची बैठकही तशीच चालेल. फक्त ज्या भाषेत जीव घाबरतो त्या भाषेत घाबरायची तिला मुभा हवी. आणि शिकलेला समुपदेशकच पाहिजे असंही नाही. गोव्यात ‘संगत’ या संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून नैराश्यातल्या गरोदर बायकांच्या घरी पाठवलं. २०१९ साली त्याचे निकाल छापून आले. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी बऱ्या झालेल्यांचं प्रमाण त्यांच्यात जास्त निघालं. फरक माफकच होता. पण या कामात मला माफकही पुरेसं वाटतं.

साशंक : आता तू मला माझ्या खऱ्या शंकेपाशी आणलंस. बाकीच्या बाजूला ठेव. ‘जिनं करून घेतलंय ती बाई’ असं तू मघाशी म्हणालीस. म्हणजे जिचं पोर वाचलंय ती. तुझी सगळी बैठक तिच्या भरवशावर उभी आहे. ती येणार, पोराचा शर्ट वर करून छातीवरची रेघ दाखवणार, पोर अंगणात पळणार, आणि नवी आई त्याच्याकडं बघून श्वास सोडणार. मला कळतं ते. पण मुलांच्या हृदयाच्या या सगळ्या गोष्टी अशाच सांगितल्या जातात. निळ्या बाळांवरच्या ऑपरेशनची सुरुवात बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये, २९ नोव्हेंबर १९४४ ला झाली. कल्पना डॉ. हेलन टॉसिगबाईंची, हात सर्जन ब्लॅलॉकचा, आणि ब्लॅलॉकच्या मागं उभं राहून टाका कुठं घालायचा ते सांगणारे व्हिव्हियन थॉमस, ज्यांच्याकडं डॉक्टरकीची पदवी नव्हती. बाळ पंधरा महिन्यांचं, नाव आयलीन. ऑपरेशन पार पडलं, बाळ घरी गेलं. ही गोष्ट आम्हाला शिकवताना इथंच संपवली होती. आयलीन पुढच्या वर्षी दुसऱ्या ऑपरेशननंतर गेली, हे मला फार उशिरा कुठंतरी वाचून कळलं. तिच्या नंतरची हजारो बाळं वाचली. पण आयलीनची आई त्या गोष्टीत कुठं बसते? आणि तुझ्या बैठकीत तशी आई कुठं बसणार? कारण सगळी वाचत नाहीत. चांगल्या हातांत, वेळेत आलेली, साधं भोक असलेली बहुतेक वाचतात. उशिरा आलेली, अर्धंच हृदय घेऊन आलेली, न्यूमोनियानं खंगलेली, ती सगळी वाचत नाहीत. वॉर्डात असं झालं की बाकीच्या आया आपापली बाळं उचलून पाठ फिरवायच्या. वाईट नव्हत्या त्या. त्यांना त्या बाईच्या डोळ्यांत बघवायचं नाही.

आग्रही : तिला बोलवायचं, असं मी ठरवलंय. का ते सांगते. तिला जेवढं माहीत आहे तेवढं कुणालाच माहीत नाही. रात्रीच्या फेऱ्या, बोंडलं, रडू न देणं, सगळं तिनं केलंय. आणि पोर गेल्यावर तिच्याकडून त्या सगळ्याचा हिशेब एका वाक्यात काढून घेतात, ‘झालं ते बरंच झालं, सुटलं बिचारं.’ तिच्या छातीत अजून दूध असतं, अक्का. आशाताई तिच्या दारावरून पुढं जाते, कारण रजिस्टरात आता ते बाळ नाही. आधाराची जिला सगळ्यात जास्त गरज, तिलाच वगळून आधाराची बैठक भरवायची, हे मला करवत नाही.

साशंक : तिची गरज मला दिसते. पण तिच्यासमोर बसलेली दुसरी आई बघ. मांडीवर सहा महिन्यांचं निळसर बाळ, पुढच्या मंगळवारी बेळगावला ऑपरेशन. ती तुझ्याकडं रेघ दाखवणाऱ्या पोराला बघायला आलीय. तिला तू या बाईशेजारी बसवणार? ती मंगळवारी दवाखान्यात जाणं टाळेल. मग त्या बाळाचं काय, याला जबाबदार कोण?

आग्रही : आणि तिला नुसतं पळणारं पोरच दाखवलं, आणि मंगळवारी काही वेगळं झालं, तर? मग तिला वाटेल, बाकी सगळ्यांचं झालं, माझंच नाही झालं. पुन्हा माझंच चुकलं. आपण ज्या जागेवरून निघालो तिथंच ती परत येईल, या वेळी आमच्या बैठकीतून.

साशंक : दोन वेगळ्या बैठका घे.

आग्रही : विचार केला होता. पण मग ऑपरेशनच्या आधी इकडच्या बैठकीत असलेली बाई नंतर तिकडच्या बैठकीत जाणार. आणि एखादीची जागा अशी रिकामी दिसली की बाकीच्यांना न सांगता सगळं कळणार.

साशंक : या बैठकीला किती जणी येणार आहेत?

आग्रही : सात. आठवीचं बाळ संक्रांतीनंतर गेलं. तिनं काल स्वतः फोन करून विचारलं, बैठक दुपारी की सकाळी.

साशंक : तू काय सांगितलंस?

आग्रही : दुपारी, एवढंच. येऊ नकोस म्हणाले नाही. आणि त्या सात जणींपैकी कुणाला अजून सांगितलेलं नाही.

साशंक : सांगशील?

आग्रही : तेच विचारायला तुमच्याकडं आले, अक्का.

साशंक : मला नाही माहीत गे. तीस वर्षं मी पडदा ओढून घेत आले. त्या बाईला पडद्याआड ठेवलं, तिच्यासाठी की बाकीच्यांसाठी, ते मी स्वतःला कधी विचारलं नाही. त्या मंगळवारवालीला मात्र आधी एकटीला भेट. आणि मीही येते त्या दुपारी.